मानाचे पान

वरसगाव धरणाच्या जलाशयाला वीर बाजी पासलकर यांचे नाव आहे. मोसे नदी अडवली गेली तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांत पासलकरांचे मोसे हे गावही होते. नाव वर राहिले, गाव खाली गेले. मुळशीकरांना याची सवय आहे. मुळेवर टाटांचे धरण, मुठेवर टेमघर, मोसेवर वरसगाव, अशा या भागातल्या तिन्ही नद्या अडवलेल्या आहेत. पण धरणे हा या लेखाचा विषय नाही. ते शेवटी ओघात येतीलच.

बाजी पासलकर म्हटले की शिवाजी महाराजांच्या पहिल्या सोबत्यांतला एक वयोवृद्ध वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. फत्तेखानाच्या स्वारीत पुरंदर-सासवडच्या बाजूला झालेल्या लढाईत ते पडले, ही परंपरा शाळेतल्या पुस्तकापासून पोवाड्यापर्यंत सगळीकडे आहे. त्यात खोटे काही नाही. मात्र एक साधा प्रश्न त्यात विचारला जात नाही. पुण्याच्या जहागिरीत नुकत्याच वावरू लागलेल्या एका तरुणाला हा म्हातारा माणूस एवढा मोलाचा का वाटला? तो शूर होता म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. शूर माणसे मावळात गावोगाव होती. पासलकर आपल्या बाजूला आले म्हणजे मोसे खोरे आपल्या बाजूला येते, हे खरे कारण होते. एका माणसाच्या होकाराने सगळे खोरे हलत असे. ही ताकद त्याला कोणत्याही बादशहाने दिलेली नव्हती. बहमनी गेली, निजामशाही गेली, आदिलशाही आली. खोऱ्याचा देशमुख मात्र तोच राहिला.

या लेखात पाहायची आहे ती ही ताकद. ती कशाची बनलेली होती, कोण तिला ओळखत असे आणि ती कुठे गेली.

मावळे बारा, असे आपण म्हणतो. त्यांची यादी कागदागणिक थोडी बदलते. प्रत्येक मावळाला किंवा खोऱ्याला आपले देशमुख घराणे आणि त्या घराण्याला आपला किताब होता. मोसे खोऱ्याचे पासलकर 'यशवंतराव', मुठे खोऱ्याचे मारणे 'गंभीरराव', पौड खोऱ्याचे ढमाले 'राऊतराव', कर्यात मावळचे पायगुडे 'रवीराव', गुंजण मावळचे शिळीमकर 'हैबतराव', कानद खोऱ्याचे मरळ 'झुंजारराव'. हिरडस मावळचे बांदल आणि रोहिडखोऱ्यातले कारीचे जेधे यांना 'नाईक' म्हणत. यांतली पहिली तीन-चार नावे आजच्या मुळशी तालुक्यात आणि त्याच्या शेजारी कोणत्याही गावाच्या मतदारयादीत पानोपानी सापडतील. किताब हा व्यक्तीचा नसून गादीचा असे. म्हणून जुन्या कागदांत 'हैबतराव' भेटला की हा नेमका कितवा, हे ठरवताना संशोधकाची दमछाक होते.

खोरे हा शब्द इथे नुसता भूगोलाचा नाही. दोन्ही अंगांना डोंगराची सोंड, वरच्या टोकाला कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा, खालच्या टोकाला देशाकडे उघडणारी अरुंद वाट आणि मधून नदी. बाहेरच्या माणसाला आत यायचे तर कोणती तरी खिंड ओलांडावी लागे, आणि खिंडीवर नजर कोणाची, हे सगळ्यांना ठाऊक असे. एखाद्या शहराला तट असतो तसा खोऱ्याला डोंगर होता.

देशमुखाचे काम काय? गावांची लावणी होते की नाही ते पाहणे, पडीक जमिनीवर कुळे आणून वसवणे, पाटलांकरवी वसूल गोळा करून सरकारात भरणे, चोराचा माग काढणे, वेळ पडली तर प्यादे घेऊन हजर होणे. हिशेब देशपांड्याकडे. बदल्यात देशमुखाला इनाम जमीन, वसुलात ठरलेला हिस्सा, आणि त्याखेरीज हक्क-लाजिमा मिळे. धान्य, तूप, भेट, सणाची शिदोरी, चांभाराकडून जोडा, अशा किती तरी बाबी त्यात येत. कागदावर या बाबी बारीक दिसतात. कुणब्याच्या घरी त्या बारीक नव्हत्या. त्यात वेठीची भर घाला. देशमुखीचा गौरव करताना ही बाजू बहुधा गाळली जाते, म्हणून ती इथे आधीच नोंदवून ठेवतो.

हे सारे वतन होते. आपल्याकडे लिहिताना देशमुखाला सरसकट 'सरंजामदार' म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती चुकीची वाटते आणि या चुकीने पुढचे बरेच गणित बिघडते. सरंजाम राजा देतो, चाकरीसाठी देतो आणि चाकरी संपली की काढून घेतो. वतन वंशपरंपरेने चालते, भावांत वाटले जाते, गहाण पडते, विकतही जाते. सरंजामदाराला राजाचा हुकूम पुरतो. वतनदाराला हुकूम पुरत नाही. हे वतन तुझेच, असे चार माणसांनी म्हणावे लागते, आणि ती चार माणसे म्हणजे गोत.

गोत म्हणजे इथे सगेसोयरे नव्हेत, निदान तेवढेच नव्हेत. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. आजूबाजूचे देशमुख, देशपांडे, गावोगावचे पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, आणि दिवाणाकडून हवालदार, मजुमदार, काजी अशी माणसे एकत्र येत. वादी आणि प्रतिवादी आपापले करीने, म्हणजे घराण्याच्या हकिकती, मांडत. साक्षी होत. कागद आणि साक्षी यांनी उलगडा झाला नाही तर दिव्य होई. उकळत्या तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात बांधून त्यावर मोहर करायची आणि काही दिवसांनी तो उघडून पाहायचा. मग महजर लिहिला जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या आपल्या ग्रंथात ही सगळी रीत महजरांच्या आधारे उलगडून दाखवली आहे.

महजराच्या शेवटी ज्या खुणा असतात त्या पाहाव्यात. लिहिता येणारे थोडे, त्यामुळे सहीच्या जागी धंद्याचे चिन्ह येई. पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी, कुंभाराचे चाक. महाराचीही खूण असे, कारण शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द मोठा मानला जाई. सीमेवरून चालून हद्द दाखवायचे काम त्याचे. याचा अर्थ तो देशमुखाच्या शेजारी बसत होता असा कोणी काढू नये. तो दूरच उभा होता. पण त्याच्या खुणेवाचून कागद पुरा होत नव्हता, हेही खरे. गावात नव्याने येऊन राहिलेल्या उपऱ्याला यात जागा नव्हती. मिरासदार बोलायचा, उपरी ऐकायचा.

आता थोडे लांब जाऊ. देशमुख हा सरंजामदार नव्हे, तर त्याचा जोडीदार जगात कुठे शोधायचा? मला तो युरोपातल्या गढ्यांमध्ये सापडत नाही. सापडतो तो जर्मनीतल्या एका शहराच्या नगरभवनात.

न्यूरेंबर्ग हे थेट सम्राटाच्या अधिकाराखालचे शहर होते. मधे कोणी ड्यूक नाही, बिशप नाही. सम्राट दूर असे, त्यामुळे कारभार शहराच्या अंतर्मंडळाकडे. त्यात ४२ माणसे. २६ नगराध्यक्ष, ते १३ ज्येष्ठ आणि १३ कनिष्ठ अशा जोड्यांनी. एक जोडी चार आठवडे कारभार पाही, मग पुढची. तेरा चोक बावन्न, वर्ष पुरे. शिवाय आठ जुने सभासद. ही ३४ माणसे ठरावीक घराण्यांतूनच यायची. उरलेले आठ कारागिरांचे प्रतिनिधी. ते बसायचे, पण त्यांच्या मताला वजन नव्हते. खरी सत्ता त्या ३४ मधल्या सात वडीलधाऱ्यांकडे, आणि त्या सातांतही खजिना सांभाळणाऱ्या दोघांकडे. टूखर, इमहोफ, हालर, होल्त्सशूअर ही त्या घराण्यांची काही नावे. ही मंडळी मूळची व्यापारी. मसाले, कापड, धातू यांतला पैसा त्यांच्या हाती.

१३४८ मध्ये तिथे कारागिरांनी उठाव केला आणि जुने मंडळ हाकलून लावले. वर्षभराने सम्राट चौथा कार्ल याच्या पाठबळाने जुनी घराणी परत आली. मग त्यांनी कारागिरांच्या स्वतंत्र संघटनाच मोडून टाकल्या. पुढे साडेचारशे वर्षे न्यूरेंबर्गचा सुतार-सोनार मंडळाने नेमलेल्या देखरेखीखाली राहिला. त्या शहराचा जगप्रसिद्ध चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर १५०९ मध्ये मोठ्या सभेचा सभासद झाला. त्याच्या पायरीला तो मोठा सन्मान होता. अंतर्मंडळात मात्र तो कधीच बसू शकला नाही. तो सोनाराचा मुलगा होता.

ख्रिस्तोफ शॉयर्ल नावाच्या तिथल्या एका कायदेपंडिताने १५१६ मध्ये एका धर्मगुरूला पत्र लिहून ही सगळी राज्यव्यवस्था समजावून सांगितली. मंडळात कोण बसते, तर ज्यांचे वडील आणि आजोबा बसले ते, असा त्याचा सारांश. कायद्याच्या पदवीधराला मंडळात जागा नव्हती. सल्ला विचारायला त्याला बोलावत आणि मग घरी पाठवत. शॉयर्ल स्वतः असाच पदवीधर होता. त्याचे पत्र वाचताना ही गोष्ट डोळ्याआड करता येत नाही.

आणि १५२१ मध्ये या मंडळाने एक ठराव केला. नगरभवनात होणाऱ्या नाचाला कोणत्या घराण्यांना बोलवायचे, याची यादी. वीस जुनी घराणी, सात त्याहून नवी, आणि पंधरा नुकती सामावून घेतलेली. एकूण ४२. नाचाची यादी ती, पण लग्नांची यादीही तीच आणि सत्तेचीही तीच. कोणाच्या मुलीने कोणाच्या मुलाबरोबर नाचायचे हे ठरले की पुढच्या पिढीत मंडळात कोण बसणार हे ठरत होते.

आपल्याकडचा वाचक इथे हसेल. पण विड्याच्या पानावरून आपल्याकडे किती तंटे झाले ते आठवावे. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, दसऱ्याला आपटा कोणी पुजायचा, लग्नात पहिला टिळा आणि विडा कोणाला, या गोष्टींवरून भावाभावांत डोकी फुटली आहेत आणि पिढ्यान् पिढ्या महजर झाले आहेत. बाहेरच्याला तो पोरखेळ वाटतो. तो नव्हता. वतनाचा मूळ कागद जळलेला असू शकतो, चोरीला गेलेला असू शकतो, खोटाही असू शकतो. पण गेली पन्नास वर्षे चारचौघांत पहिला विडा अमक्याने घेतला, हे गावाने पाहिलेले असते. मानपान हा चालता-बोलता पुरावा होता. एक वर्ष गप्प बसून दुसऱ्याला विडा घेऊ दिला की पुढच्या गोतसभेत तेच तुमच्या अंगावर येणार.

मोसे खोऱ्याकडे परत येऊ. कारीच्या जेध्यांच्या करीन्यात एक हकीकत आहे. कान्होजी जेधे आईच्या पोटात होते तेव्हा त्यांच्या वडिलांचा खून झाला, आणि तो वतनापायी भाऊबंदांनीच केला. मूल जन्मल्यावर त्यालाही मारण्याचा बेत होता. घरच्या विश्वासू माणसांनी ते लपवून बाहेर काढले आणि अखेर ते मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आश्रयाला पोचले. पासलकरांनी त्याला वाढवले, आपली मुलगी सावित्रीबाई दिली आणि वतन परत मिळवायला पाठबळ दिले.

करीना ही घराण्याने स्वतःच्या हक्कासाठी सांगितलेली हकीकत असते, हे विसरून चालत नाही. तपशिलातला रंग थोडा बाजूला ठेवू. तरी सांगाडा बोलका आहे. वारस मारला की वतन सुटते, हे मारणाऱ्यांना ठाऊक. वारस जिवंत ठेवला की शेजारचे खोरे आपले होते, हे पासलकरांना ठाऊक. दया होती की नव्हती हे सांगता येणार नाही. हिशेब नक्की होता, आणि तो चुकला नाही. जेधे आणि पासलकर यांच्या या सोयरिकीने दोन खोरी जोडली गेली, आणि पुढे शिवाजी महाराजांच्या मागे ती उभी राहिली तीही जोडीने.

या वर्गाचा स्वभाव कळायला १६५९ सालाइतका चांगला आरसा दुसरा नाही. अफझलखान वाईला आला आणि मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने सुटली. कान्होजींनाही आले. ते आपल्या पाच मुलांसह राजगडी गेले आणि वतनावर पाणी सोडतो, असे महाराजांना सांगते झाले. वतनावर पाणी सोडणे हा शब्दप्रयोग आपण आज सहज वापरतो. ज्या माणसाच्या बापाने वतनापायी जीव गमावला, त्याच्या तोंडी तो काय वजनाचा असेल, याचा विचार करावा.

त्याच रोहिडखोऱ्यात उत्रवळीचे खोपडे हे दुसरे देशमुख घराणे. जेध्यांचे आणि त्यांचे देशमुखीवरून जुने वैर. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. खान पडल्यावर ते लपून बसले आणि हैबतराव शिळीमकरांमार्फत त्यांनी रदबदली चालवली. ती कोणाकडे? कान्होजींकडे. आणि वतनावर पाणी सोडणारे कान्होजी आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या जिवासाठी महाराजांकडे शब्द टाकायला गेले. महाराजांनी जीव न घेण्याचे वचन दिले. पुढे खंडोजी समोर दिसले तेव्हा त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडवला. जीव घेतलेला नव्हता, वचन पाळले गेले होते.

या प्रसंगाचा उल्लेख महाराजांच्या न्यायाचे उदाहरण म्हणून होतो. मला त्यात कान्होजी जास्त खुणावतात. त्यांना खोपडे मेलेले परवडले असते. अर्ध्या खोऱ्याचा वाद आपोआप मिटला असता. तरी ते गेले. कारण देशमुखाला देशमुख वाचवतो. आज खोपड्याचे वतन राजा जिवासकट नेऊ शकला तर उद्या जेध्यांचेही नेईल. न्यूरेंबर्गची घराणी एकमेकांशी कितीही भांडली तरी यादी फोडू देत नसत. ही तीच वृत्ती आहे. महाराजांनी नेमके तिथेच बोट ठेवले. त्यांनी गोताचा शब्द ठेवला आणि गोताला दाखवूनही दिले की यापुढे शेवटचा शब्द गोताचा नाही.

पुढच्याच वर्षी पावनखिंड झाली. बाजीप्रभू देशपांडे सर्वांना माहीत आहेत. ते हिरडस मावळच्या बांदल देशमुखांचे देशपांडे, आणि खिंडीत उभी राहिलेली फौज बांदलांची होती, हे त्यामानाने कमी लोकांना माहीत असते. त्या पराक्रमानंतर सभेतल्या मानाच्या पहिल्या पानाचा प्रश्न आला. पहिला मान जेध्यांचा. महाराजांनी तो जेध्यांकडून मागून घेतला आणि बांदलांना दिला. हिसकावून घेतला नाही, मागितला. ज्याला फर्मान काढता आले असते त्याने मागितला, यात वतनी मानाचे स्वरूप सगळे आले. राजा जमीन देऊ शकतो, पैसा देऊ शकतो. पहिला विडा मात्र ज्याचा आहे त्यानेच सोडावा लागतो.

शिवाजी महाराजांचे देशमुखांविषयीचे धोरण मृदू नव्हते. सभासद सांगतो की देशमुखांचे वाडे आणि कोट पाडवले आणि त्यांना इतरांसारखी साधी घरे बांधून राहायला लावले. रयतेकडून त्यांनी मनाला येईल तेवढे न घेता ठरलेलेच घ्यावे, अशी व्यवस्था केली. रांझ्याच्या पाटलाचे १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. त्याचे हातपाय तोडले, पण पाटीलकी मात्र त्याच्याच गोतातल्या माणसाला पैसे घेऊन दिली. माणूस गेला, वतन राहिले. भोसले स्वतः वेरूळची पाटीलकी सांभाळणारे घराणे. या माणसांना आतून ओळखणारा राजा त्यांच्या वाट्याला आला, हे त्यांचे सुदैव की दुर्दैव, ते ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून. सरदेशमुखी ही मागणीही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वसुलावर शेकडा दहा, आणि तीही राजा म्हणून नव्हे तर देशमुखांचा देशमुख म्हणून. छत्रपती झाल्यावरही वतनी भाषा सुटली नाही, कारण दख्खनमध्ये हक्काची टिकाऊ भाषा तीच होती.

त्यांच्यामागे हा ताण सैल पडला. औरंगजेबाच्या फौजा दारात, छत्रपती राजाराम जिंजीला, अशा काळात वतनाचे आश्वासन हेच माणसे राखण्याचे साधन उरले, आणि मोगलही तेच देत होते. रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे 'आज्ञापत्रा'त वतनदारांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याचा आशय असा की हे लोक नावाला वतनदार, प्रत्यक्षात राज्याचे वाटेकरीच. असलेले त्यांना पुरत नाही, शेजाऱ्याचे घ्यावे हीच इच्छा. परचक्र आले की वतनासाठी आधी तेच जाऊन मिळतात. म्हणून त्यांना प्रेमही दाखवावे आणि जरबही. आयुष्यभर हीच माणसे हाताळलेल्या कारभाऱ्याचा तो वैताग आहे. त्यात मावळच्या निष्ठावंतांवर थोडा अन्याय झाला असेल. फार नाही.

न्यूरेंबर्ग आणि मावळ यांतला फरकही सांगायला हवा, नाही तर उपमा डोक्यावर बसेल. तिकडे पैसा व्यापारातून आला आणि मुलाबाळांत तो वाढत राहिला. इकडे वतन म्हणजे एकच थाळी, आणि दर पिढीला जेवणारे वाढणार. थोरली पाती, धाकटी पाती, त्यांच्याही पात्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस अनेक देशमुख घराण्यांत मान एकाचा आणि हक्क चाळीस वाटेकऱ्यांत, अशी अवस्था होती. तिकडे दार १५२१ ला बंद झाले. इकडे दार कायद्याने कधीच बंद नव्हते. वतन विकत घेता येई, दडपूनही घेता येई, आणि दोन पिढ्या पचले की गोत मान हलवी. तिकडचा कारभार बंद दारांआड चाले, इकडचा चावडीपुढे. न्यूरेंबर्गची सत्ता १८०६ मध्ये बव्हेरियाने एका झटक्यात संपवली. आपल्याकडे ती शंभर-सव्वाशे वर्षे झिजत गेली.

इंग्रजांनी आधी कागद मागितले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि ज्याला सनद दाखवता येईना त्याचे इनाम धोक्यात आले. जिथे गोताची साक्ष हाच सर्वांत मोठा पुरावा, तिथे आता कारकून कागद मागू लागला. मोडीतले महजर पेट्यांतून बाहेर आले ते या भीतीने. आणि पुढे राजवाड्यांना, भारत इतिहास संशोधक मंडळाला ते मिळाले याचे थोडे श्रेय या भीतीलाही द्यावे लागेल. जेधे शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली तीही घराण्याच्या दप्तरातूनच. १८६० नंतरच्या दशकात देशमुख-देशपांड्यांची चाकरी माफ करून त्यांच्या उत्पन्नावर जुडी बसवली गेली. काम गेले, नुसते उत्पन्न उरले. १८७४ च्या वतन कायद्याने त्याला नियमात बसवले. वसूल आता मामलेदार करत होता, न्याय मुन्सफ देत होता, आणि अडीनडीला पैसे देणारा सावकार पुण्यात होता.

मुळशी सत्याग्रहात हे उघडे पडले. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यातूनच सेनापती झाले. खोरे बुडणार होते, तेव्हा त्या खोऱ्याच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा? तीनशे वर्षांपूर्वी या प्रश्नाला एक नाव पुरे पडले असते. आता उत्तर गुंतागुंतीचे होते. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की मुळशीतल्या बऱ्याच जमिनीची मालकी पुण्यात राहणाऱ्या सावकारांकडे गेलेली होती आणि त्यांचे हित मावळ्यांच्या हिताहून वेगळे होते. सावकाराला भरपाईचा दर चांगला मिळाला की प्रश्न सुटत होता. ज्याचे घर, देव आणि खाचर तिथे होते त्याचा सुटत नव्हता. सत्याग्रह फसला त्याची कारणे अनेक आहेत. हे त्यातले मोठे. खोऱ्याचे कुलीन आता खोऱ्यात राहत नव्हते. ते पेठांत राहत होते, आणि त्यांना गोत नव्हते.

'मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करण्याचा कायदा' १९५० चा, अंमल १ मे १९५१ पासून. देशमुखी कायद्याने संपली ती त्या दिवशी. पाटीलकी आणखी काही वर्षे तगली, १९६२ च्या कायद्याने तीही गेली. मग धरणे आली. आणि मोसे खोऱ्याच्या वरच्या अंगाला, दासवे-मुगावच्या बाजूला, लवासा हे डोंगरातले शहर उभे राहिले, इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर. २००८ मध्ये त्या शहराच्या कंपनीलाच तिथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले, म्हणजे बांधणारी ती आणि परवानगी देणारीही ती. २०१७ मध्ये तो अधिकार काढून घेतला गेला. यशवंतराव पासलकरांच्या खोऱ्यात युरोपातल्या शहराची नक्कल होईल, आणि काही वर्षे तिचा कारभार एका बंद मंडळाकडे असेल, हे मी रचून लिहिले असते तर संपादकांनी कापले असते.

हक्क गेले, लाजिमे गेले. मान कुठे कुठे राहिला आहे. पुणे परगण्याची देशमुखी शितोळ्यांकडे होती. त्यांची एक शाखा बेळगाव भागातल्या अंकलीची. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढे चालणारे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे असतात. दर ज्येष्ठात ते अंकलीहून पायी निघतात आणि आळंदीला पोचतात. पालखी हलण्यापूर्वी वारकऱ्यांची गर्दी बाजूला सरते आणि त्यांना वाट दिली जाते.